आधी नाव लिवा

नोकरीच्या पहिल्याच दिवशी दारावरचे राखणदार थावरूकाका यांनी मला जवळजवळ दोन तास दाराबाहेर बसवून ठेवलं होतं. एप्रिल महिना, यवतमाळचं ऊन आणि हातात नेमणुकीचं पत्र. पत्रावर साहेबांची सही होती, शिक्का होता, माझा फोटोसुद्धा होता. काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पत्र दोन्ही हातांत धरून अथपासून इतिपर्यंत वाचलं, नीट घडी करून मला परत दिलं आणि म्हणाले, "कागद बराबर हाय. पन आजच्या यादीत तुमचं नाव नाई."

"अहो, मी इथलीच आहे. आजपासून."

"असान ना. मी कुठं नाई म्हनतो? पन यादीत नाई."

साहेब नागपूरला निघालेले, फोन लागत नव्हता. काकांनी मला स्वतःची खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, ऊन पायावर आलं तसं खुर्चीसकट सावलीत सरकवलं. मी नेरची म्हटल्यावर नेरच्या कापूस बाजारातल्या जुन्या गमती सांगितल्या. सगळं केलं, फक्त आत सोडलं नाही. शेवटी साहेबांचा फोन लागला, त्यांनी नाव सांगितलं, काकांनी ते यादीत चढवलं आणि मग एक जाडजूड वही माझ्यापुढे ठेवली. "आता आधी नाव लिवा. मंग दार." मी इतकी तापले होते की सही करताना कागद फाटला. काकांनी शांतपणे तिथे चिकटपट्टी लावली आणि खाली पुन्हा सही करायला लावली.

आमचं काम काय होतं ते इथंच सांगून टाकते, कारण माझ्या आईला ते अजून नीट कळलेलं नाही. जिल्ह्यातल्या पतसंस्था, दवाखाने, कॉलेजं यांचं सगळं कामकाज आता कॉम्प्युटरवर चालतं. ते ज्या यंत्रात साठवलेलं असतं तो सर्व्हर दिवसरात्र चालू ठेवावा लागतो, थंड ठेवावा लागतो आणि नको त्या माणसापासून लांब ठेवावा लागतो. प्रत्येकाला हे आपल्या जागेत जमत नाही. म्हणून आमच्या साहेबांनी बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगचं गोदाम घेतलं, एसी लावले, जनरेटर ठेवला आणि आत माणसापेक्षा उंच अशी लोखंडी जाळीच्या दारांची अकरा कपाटं ओळीनं उभी केली. एकेक कपाट एकेकाला भाड्यानं. साहेब त्या जागेला डेटा सेंटर म्हणायचे, ग्राहक सर्व्हर रूम म्हणायचे. थावरूकाका म्हणायचे, "अकरा बिऱ्हाडं हायेत आपल्याकडं. आपन राखनदार. कोन्या बिऱ्हाडात काय शिजते, थे आपन पाहाचं नाई."

थावरू राठोड हे दारव्ह्याकडच्या एका लमाण तांड्यावरचे. उंच, काटक माणूस, मिशा पांढऱ्याशुभ्र, खाकी शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा मे महिन्यात लावलेलं. आधीची वीसेक वर्षं त्यांनी कापसाच्या गोदामावर राखण केली होती. त्यांच्या आधीच्या पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून दूरदूरच्या मुलखात नेत. पणजोबांच्या गोष्टी काका अशा सांगत की जणू काल संध्याकाळीच त्यांच्यासोबत बैल सोडून आले आहेत. "गोनीत मीठ असो का मोती, वरची गाठ आमच्या घरची. व्यापाऱ्यानं पोचल्यावर गाठ पाहाची, बस. गाठ तशीच दिसली का थो समजे, माल तसाच हाय. आमाले कोनी इचारतच नसे."

ही गाठ त्यांनी आमच्या हॉलमध्ये आणली होती. प्रत्येक कपाटाला कंपनीचं कुलूप होतंच, पण कुलपाच्या कडीतून काका पांढऱ्या सुताचा एक दोरा ओवायचे आणि त्याला घरची गाठ मारायचे. ग्राहकाचा माणूस आला की तो दोरा तोडायचा, आपलं काम करून जायचा आणि मागाहून काका नवा दोरा बांधायचे. सकाळ-संध्याकाळ हात मागं बांधून ते त्या अकरा गाठी पाहत फिरत. नागपूरहून येणारे इंजिनिअर हसायचे. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू?

"काका, इथे बोटाच्या ठशाचं मशीन येणार आहे आणि तुम्ही दोरे बांधताय."

"येऊ दे ना. मशीन आपलं काम करन, दोरा आपलं करन."

"बरं, मग मला तरी शिकवा ती गाठ."

"तुले शिकवली का मंग कोनं बांधली थे मले कसं समजन?" ते म्हणाले. तोवर मी 'म्याडम'ची 'पोरी' झाले होते आणि त्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकर रोज अर्धी माझी असायची.

त्या वर्षीच्या दसऱ्याला एक भानगड झाली. खंडेनवमीला आपापल्या हत्यारांची पूजा करायची रीत. आम्ही इंजिनिअर मंडळींनी कीबोर्डला फूल वाहिलं आणि मोकळे झालो. काकांचं हत्यार म्हणजे चाव्या. कपाटाची एक चावी ग्राहकाकडे असे आणि दुसरी आमच्या फळीवर, काकांच्या ताब्यात. त्यांनी त्या अकराच्या अकरा चाव्या खाली उतरवल्या, चिंचेनं घासल्या, पाटावर ओळीनं मांडल्या आणि हळदीकुंकू लावता लावता त्यांचा हात थांबला. मला हाक मारली. "पोरी, इकडं ये. तुहे डोये चांगले हायेत. हे नंबर वाच."

मी वाचले. अकरा चाव्यांवर एकच नंबर होता. दातेही एकसारखे. कपाटं बनवणाऱ्या कंपनीनं सगळ्यांना एकच कुलूप लावून पाठवलं होतं आणि नंबर बघून कुलपं बदलून घ्यायचं आमच्याकडे कुणालाच सुचलं नव्हतं. प्रत्येक ग्राहकाला वाटत होतं आपली चावी आपलीच. प्रत्यक्षात कुणाच्याही चावीनं कुणाचंही बिऱ्हाड उघडत होतं.

साहेब ऐकून चपापले. दिवाळीनंतर कुलपं बदलू, म्हणाले, तोवर याची वाच्यता नको. काका उभेच राहिले. "सायेब, मी सोताहून कोनाले सांगनार नाई. पन इचारलं कोनी त खोटं बोलनार नाई. तोवर दोरा डबल बांधतो." आणि त्या दिवसापासून प्रत्येक कडीत दोन दोरे दिसू लागले. दिवाळी आली आणि गेली. कुलपं काही आली नाहीत.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

थंडीचे दिवस होते. दुपारी काका अर्धा तास कडुनिंबाखाली जेवायला बसत, तेवढा वेळ वही आणि दार माझ्याकडे. नेमके तेव्हा प्रमोदराव आले. एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम ते नव्यानं पाहू लागले होते. पण माझ्यासाठी ते पतसंस्थेचे कोणी नव्हतेच. ते नेरच्या आमच्या गल्लीतल्या शोभाकाकूंचे जावई होते! त्यांच्या लग्नात मी पंगतीत बुंदी वाढली होती. आता जावईमाणूस दारात उभा, आणि मी त्यांच्यापुढे वही धरून नाव काय, काम काय विचारू? शोभाकाकूंनी मला उभ्या जन्मात माफ केलं नसतं. मी म्हटलं, "या ना, या." दार उघडलं, कपाटांची ओळ हातानं दाखवली आणि त्यांना आत सोडून त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेले. वहीत एक अक्षर नाही.

चहा पिऊन ते गेले. मी हॉलमध्ये डोकावले तर दोन कपाटांसमोर दोरे तुटून पडलेले. एक पतसंस्थेचं, ते ठीकच. दुसरं शेजारचं, दवाखान्याचं. धक्का लागून तुटला असेल, असं मी मनाशी म्हटलं. एका वेळी दोन दोरे धक्क्यानं तुटत नाहीत, हे मलाही कळत होतं. पण काका येऊन ओरडतील, या एका भीतीनं मी दोन्ही कड्यांत नवे दोरे ओवले आणि मला येत होती ती गाठ मारून टाकली.

तासाभरात दवाखान्याचा फोन. त्यांचा सर्व्हर बंद पडला होता. तिथे पेशंट खोळंबले होते, कुणाचे रिपोर्ट दिसत नव्हते, डॉक्टर तपासणी थांबवून बसले होते. आम्ही धावलो; यंत्र बटणावरून बंद केलेलं दिसत होतं, ते कपाट न उघडता आमच्या कॉम्प्युटरवरूनच पुन्हा सुरू केलं, पण सगळं जागेवर यायला दिवस मावळला. तोवर दवाखान्याचे मॅनेजर तणतणत येऊन पोचले होते. काकांनी त्यांनाही दारात थांबवून वही पुढे केली, ओळीवर बोट ठेवलं, "आधी नाव लिवा." त्यांनी रागारागानं सही केली आणि आत आले. हॉलमधले कॅमेरे अजून खोक्यातच होते. वहीत त्या दुपारचं कुणाचं नाव नव्हतं. कपाटाचं कुलूप शाबूत, दोरेही बांधलेले. म्हणजे उघडलं ते चावीवाल्यानंच, हा त्यांचा निष्कर्ष.

"चाव्या असल्यांच्या हाती देता तुम्ही?" ते साहेबांना म्हणाले.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते कपाटाजवळ गेले, वाकून गाठ पाहिली, बराच वेळ पाहिली. मग सरळ उभे राहिले. "सायेब, हे गाठ माही नाई."

"मग कुणाची?"

"माही नाई, एवढंच सांगतो."

त्यांची नजर क्षणभर माझ्यावर आली आणि पुढे गेली. मी जमिनीकडे पाहत होते. साहेबांनाही तिथे बोलता आलं असतं, सगळ्या चाव्या एकच आहेत म्हणून. ते बोलले नाहीत. त्यांनी काकांना काही दिवस घरी राहायला सांगितलं. काकांनी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, डबा उचलला, दाराशी जाऊन बाहेर जायची वेळ वहीत लिहिली आणि दारव्ह्याच्या जीपकडे चालू लागले.

संध्याकाळी मी प्रमोदरावांना फोन केला. ते आधी आढेवेढे घेत राहिले, मग म्हणाले, "अहो, चावी लागली म्हणून मला वाटलं आपलंच कपाट. बटण बंद केल्यावर लक्षात आलं. घाबरून तसंच लावून घेतलं." आणि वर काकुळतीनं, "सासरी कळू देऊ नका हो!" त्याही स्थितीत मला हसू आलं. पण खरं सांगायचं तर सासरी कळू नये याची जेवढी काळजी त्यांना होती, तेवढीच साहेबांना कळू नये याची मला होती. नोकरी नवी होती. घरात पगार आणणारी मी एकटी. दोन दिवस मी त्या हॉलमध्ये काम केलं. डबा उघडायचे आणि बंद करायचे. दारावरच्या रिकाम्या खुर्चीसमोरून जाताना माझी मलाच लाज वाटायची.

तिसऱ्या दिवशी रजा टाकून दारव्ह्याला गेले आणि तिथून जीपनं तांड्यावर. काका अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा निवडत बसले होते. काकी मला ओळखत नव्हत्या, तरी त्यांनी "आव याडी, बेस," म्हणत सतरंजी टाकली आणि उकडलेल्या शेंगांचं ताट पुढे केलं. मी शेंगेला हात लावला नाही. ऑफिसात मी पुस्तकी मराठी बोलायचे, त्या अंगणात ती कुठल्या कुठे गेली. "काका, थे गाठ माही होती. मीच सोडलं एका मानसाले आत. नाव नाई लिवून घेतलं."

"सायबाले सांगतलं?"

"नाई. आधी तुमाले सांगाले आली."

"मले कायले सांगतं? मले त ठाऊक हाय." ते शेंगा निवडतच होते. "रिबिनीची गाठ होती थे. शाळेतल्या पोरी येनीले बांधते, तशी. तिथं दुसरी पोरगी कोन हाय? आन मोरीत चहाच्या दोन कपबश्या."

"मंग बोलले काहून नाई तुमी?"

आता त्यांनी हात थांबवले. "वहीत नाई थे नाव मी तोंडानं कसं घेऊ? वीस वरीस गोदामावर काढले, इथं चार. कोनाचं नाव असं हवेत नाई घेतलं. माह्या बापाच्या येळंला गावात काही चोरीले गेलं, का पोलीस आधी तांड्यावर येत. कोनी तरी नाव घेतलं असे, बस. ना लिवलेलं, ना पाह्यलेलं." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "'असल्यांच्या' म्हनला थो मानूस. मी लय दिसानं आयकलं थे. झोप नाई आली मले."

मी रडायला लागले. काकींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, काका मात्र तसेच बसून होते. मग म्हणाले, "रडू नोको. जाय. वही पाह्य. एक ओळ सोडून ठेवली हाय तुह्यासाठी."

परत आले ती सरळ दारावर गेले आणि वही उघडली. कागद वाया जाऊ नये म्हणून समासातसुद्धा लिहून घेणारा तो माणूस. त्या दिवशीच्या पानावर सकाळच्या शेवटच्या नोंदीखाली एक पूर्ण ओळ कोरी होती आणि तिच्या खाली मॅनेजरांची रागीट सही. ते तणतणत आत शिरत होते, तेव्हा काकांनी कपाट पाहिलेलंही नव्हतं. पण त्यांच्या गैरहजेरीत कुणीतरी येऊन गेलं आहे, हे त्यांना मोरीतल्या कपबश्यांवरून कळलं होतं आणि मी लिहीन असं धरून त्यांनी मॅनेजरांना एक ओळ खाली सही करायला लावली होती. मी त्या ओळीत प्रमोदरावांचं नाव लिहिलं, आत आणि बाहेर जायच्या वेळा लिहिल्या, 'सोडणार' म्हणून माझं नाव लिहिलं, आणि पुढे: नोंद उशिरा, चूक माझी. मग वही छातीशी धरून साहेबांच्या खोलीत गेले.

साहेब खूप बोलले आणि मी खूप ऐकलं. पण वही त्यांनी परत केली नाही. ती घेऊन ते स्वतः दवाखान्यात गेले, कारण आता कुलपांची गोष्ट सांगितल्याशिवाय प्रमोदरावांची चावी त्या कपाटाला लागलीच कशी, हे सांगता येत नव्हतं. आठवड्यात अकरा वेगळी कुलपं आली. माझी नोकरी ताकीद मिळून वाचली. शोभाकाकूंना अर्थातच कळलं, आणि नेरला त्यांनी माझ्याकडे दोन वर्षं पाठ फिरवली.

काका परत आले त्या दिवशी मी लवकर जाऊन दारात उभी होते. काय बोलायचं ते सगळं ठरवून गेले होते. काका खुर्चीवर बसले, वहीवर तारीख घातली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाव?" मी नाव सांगितलं, लिहिलं, सही केली. तेवढ्यानं आमचं मिटलं. दुपारी अर्धी भाकर माझ्यापुढे आली. पुढे दवाखान्याचे मॅनेजर नवी चावी न्यायला आले, तेव्हा दारातच घुटमळले. "राठोड, मी त्या दिवशी फार बोललो. माफी मागायची होती."

"मांगा ना," काका म्हणाले. "आधी नाव लिवा."

त्यांनी लिहिलं. कामाच्या रकान्यात काय लिहावं, याचा त्यांनी क्षणभर विचार केला आणि 'माफी' असंच लिहिलं. काकांनी ती ओळ चष्म्यातून दोनदा वाचली. त्या दिवशी ते दिवसभर कसल्या तरी लमाणी गाण्याची चाल गुणगुणत होते.

त्यानंतर तीन वर्षं काका होते. मोतीबिंदू वाढला, गाठ डोळ्यांपेक्षा बोटांनीच पाहू लागले. शेवटी त्यांनीच सांगितलं की आता राखण आपल्याकडून होणार नाही. निरोपाला पेढे आणले, शाल दिली. त्यांनी चाव्या आणि वही माझ्या हवाली केली, सगळ्यांना राम राम केला आणि फाटकापर्यंत गेले. मग परत आले. दाराच्या बाहेर, उंबऱ्यापासून हातभर लांब उभे राहिले.

"काय झालं काका?"

"डबा राह्यला आत."

"अहो मग या ना."

ते हलले नाहीत. उभेच. मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी खुर्चीवर बसले, वही उघडली, पेन उचललं. आणि विचारलं, "नाव?"

"थावरू लालसिंग राठोड."

"काम?"

"डबा."

त्यांनी सही केली, आत गेले, डबा घेऊन आले. मी वही मिटू लागले तर त्यांनी हात मध्ये घातला. "बाहेरची येळ?"

"राहू द्या हो काका," मी म्हटलं.

"राहू द्या म्हनून कसं चालन?" ते एकदम रागावले. त्यांनी माझ्या हातून पेन घेतलं, डोळ्यांजवळ वही धरून भिंतीवरच्या घड्याळातली वेळ स्वतः लिहिली. "मानूस गेला का गेला म्हनून लिवाचं, पोरी. त्याले आत ठेवाचं नाई."

गेल्या पावसाळ्यात तांड्यावरून फोन आला, काका गेले म्हणून. आता आमच्याकडे बोटाच्या ठशाचं मशीन आहे, कॅमेरे आहेत, दारं आपोआप लागतात. अकराची छत्तीस बिऱ्हाडं झाली आहेत. कपाटांच्या कड्यांतून अजूनही दोरे असतात. त्यांना माझी गाठ असते, तीच रिबिनीची, मला दुसरी येतच नाही. फोन ठेवल्यावर मी जुनी वही काढली आणि त्यांच्या निरोपाच्या दिवसाचं पान शोधलं. नाव होतं, काम होतं, आत आल्याची वेळ होती, बाहेर गेल्याची होती, सही होती. मी बोट लावून एकेक रकाना पाहिला. मला लिहायला काकांनी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.